बास्केट मंगळवारी जाते

गुरुवारी दुपारी चारला रिपोर्ट जवळजवळ तयार होता. अडलं होतं शंभर वर्षांपूर्वीच्या डिरेक्टरीतल्या एका ओळीवर. माझा बॉस रॉन माझ्या खुर्चीमागे उभा राहून ती ओळ तिसऱ्यांदा वाचत होता. 'पेल्टन, टेलर. क्लीनिंग अँड डाइंग.' म्हणजे कपडे साफ करणं आणि रंगवणं.

"गॅसोलीन," तो म्हणाला. म्हणजे आपलं पेट्रोल.

"कदाचित."

"त्या काळी ड्रायक्लीनिंग कशात करायचे, मीनल?"

"गॅसोलीनमध्ये."

"मग कदाचित कशाला? आर-ई-सी लिही, फेज टू रेकमेंड कर, सोमवारी पाठवून दे."

हे काय चाललं होतं ते आधी सांगते. अमेरिकेत दुकान किंवा ऑफिसची इमारत घ्यायला कर्ज काढायचं असेल, तर बहुतेक बँका आधी विचारतात, या जमिनीत काही घातक मुरलेलं नाही ना? पूर्वी इथे पेट्रोल पंप होता का, रंगाचा कारखाना होता का, ड्रायक्लीनर होता का. याचा शोध घेणाऱ्या रिपोर्टला फेज वन म्हणतात. त्यात खोदकाम नसतं. जुने नकाशे, जुन्या डिरेक्टऱ्या, जुनी वर्तमानपत्रं वाचायची, जागा डोळ्यांनी बघायची, मालकाला प्रश्न विचारायचे. संशयाला जागा दिसली की तिला आर-ई-सी म्हणायचं. मग येते फेज टू. ड्रिल आणून जमिनीला भोकं पाडायची आणि माती व मातीतली हवा लॅबला पाठवायची. मी इथे ट्रॉय शहरात एकोणीस वर्षं हे काम करते आहे. ओळखीच्या लोकांना वाटतं, मी माती तपासते. खरं तर मी वाचते. माती हा नाइलाज झाल्यावरचा भाग.

इमारत ट्रॉयपासून सत्तर मैलांवरच्या एका लहान गावात होती. गावाचं नाव देत नाही, क्लायंटची माहिती बाहेर सांगायची नसते. मेन स्ट्रीटवरची दुमजली, विटांची, शंभर वर्षांहून जुनी इमारत. अलीकडे बरीच वर्षं तिथे चपला-बुटांचं दुकान होतं. विकणारा वॉल्टर, वय अठ्ठ्याहत्तर. घेणारी अनुजा, वय एकतीस, लहान मुलांची फिजिकल थेरपिस्ट.

अनुजाला मी ती पाच वर्षांची असल्यापासून ओळखते. तिची आई आणि मी मंडळाच्या गणपतीत एकत्र मोदक वळायला बसायचो आणि ही टेबलाखाली बसून सारण खायची. हे मी रॉनला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, "ठीक आहे. प्रत्येक पान मी वाचणार आणि सही माझी." मला ते बरं वाटलं. अनुजालाही नियम सांगून ठेवला होता.

त्या गुरुवारी पाचला तिचा फोन आला.

"मीनलमावशी..."

"प्रोजेक्ट संपेपर्यंत मिसेस साठे."

"ओके, मिसेस साठे मावशी. रिपोर्ट डन आहे का? प्लीज से येस."

मी तिला ती ओळ सांगितली. फेज टूला किती दिवस लागतात तेही सांगितलं. ड्रिलची तारीख, लॅब, रिपोर्ट मिळून कमीत कमी तीन आठवडे.

ती एकदम मराठीत आली. लहानपणापासून ती घाबरली की मराठीत येते. "तीन आठवडे नाहीत माझ्याकडे. वॉल्टर पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबणार आहे. त्याच्याकडे दुसरा बायर आहे, त्याला लोन नको, रिपोर्ट नको, काही नको. आणि माझी आत्ताची लीज संपते आहे. मागच्या दाराला एकही पायरी नसलेली दुसरी बिल्डिंग त्या गावात नाहीये. मी सगळ्या बघितल्या. माझी अर्धी मुलं व्हीलचेअरमध्ये येतात."

"आणि उरलेली?"

"उरलेली माझ्याबरोबर जमिनीवर रांगतात."

"तेच," मी म्हटलं.

तिला कळलं. ड्रायक्लीनिंगची द्रावकं जमिनीत मुरली, तर त्यांची वाफ फरशीच्या फटींतून वर येऊ शकते. ती सगळ्यात आधी पोचणार जमिनीलगतच्या नाकांपर्यंत. म्हणजे ओळखीखातर ती ओळ हलक्याने घेण्याचा प्रश्नच नव्हता. पण खात्री नसताना रॉनच्या म्हणण्याप्रमाणे लिहून मोकळं होणं, हेही मला जमेना. तीन आठवडे भोकं पाडून खाली काहीच सापडलं नाही, तर जमीन स्वच्छ आणि इमारत गेलेली.

"पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत," मी म्हटलं, "एक तर ती ओळ पुसली जाईल, नाहीतर पक्की होईल. यापेक्षा जास्त प्रॉमिस नाही."

हातात काय होतं ते कागदावर मांडलं. आमच्याकडे आग-विम्याचे जुने नकाशे असतात. विमा कंपन्यांसाठी एकेक इमारत मोजून काढलेले. वीट गुलाबी, लाकूड पिवळं, गॅसोलीनची टाकी असेल तर तिची खूण. या इमारतीचा एक नकाशा पेल्टन येण्याच्या आधीचा होता, दुसरा पेल्टन गेल्यानंतरचा. दोन्हींत टाकी नव्हती. पण मधली अकरा वर्षं, पहिल्या महायुद्धाच्या अलीकडची-पलीकडची, नुसती कोरी. नेमक्या त्या अकरा वर्षांत डिरेक्टरीत पेल्टनची ती ओळ. डिरेक्टरी म्हणजे फोनबुकच्या आधीचं गावाचं पुस्तक, कोण कुठे राहतो आणि काय करतो एवढंच सांगणारं.

शिवाय एक पाइप होता. साइट व्हिजिटला मी इमारतीच्या मागच्या अंगणात गेले, तेव्हा भिंतीपासून सहा फुटांवर जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप दिसला. दोन इंच व्यास, तीन फूट उंची, वरून बंद केलेला. जमिनीखाली टाकी पुरली की तिला श्वास घ्यायला असाच पाइप लावतात. मी फोटो काढला होता. रॉनने त्या फोटोवर लाल पेनने फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्या गावचं साप्ताहिक कुठेही स्कॅन झालेलं नाही. ते फक्त तिथल्या लायब्ररीत मायक्रोफिल्मवर आहे. आणि लायब्ररीची हिस्टरी रूम मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढीच उघडी असते, दहा ते पाच. शनिवारी मी दहाला दहा कमी असताना दारात होते.

हिस्टरी रूम सांभाळणाऱ्या डॉरथीबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी फिल्म मशीनवर चढवून दिली आणि म्हणाल्या, "बातम्या वाचू नकोस, जाहिराती वाच. बातम्यांत सगळे चांगलेच असतात."

त्या जाहिराती मी सहा तास वाचल्या. फर्निचरचा दुकानदारच अंत्यविधीचं सामान विकत होता आणि एकाच चौकटीत दोन्हींची जाहिरात करत होता. डेंटिस्ट दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी हॉटेलातल्या खोलीत बसायचा. हॅटवाल्या बाई सांगत होत्या की, नवीन हॅट आल्या आहेत, आणि मागच्या वर्षीच्या हॅट घेऊन आलात तर नव्यासारख्या करून मिळतील. कुणीच पत्ता देत नव्हतं. 'बँकेसमोर', 'स्टेशनच्या वाटेवर', 'लॉज हॉलच्या खाली'. (लॉज म्हणजे गावातल्या पुरुषांची बंधुसंस्था, हॉल तिच्या बैठकीचा.) पत्ता सांगावा लागेल असा वाचक त्या पेपरला नव्हताच. बातम्यांच्या मधेच, बातमीच्याच टाइपात, अशा ओळी यायच्या : 'मिसेस अमुक बहिणीकडे राहून परत आल्या. तमुक यांच्या दुकानात ताजी ऑयस्टर आली आहेत.' दुसरं वाक्य जाहिरात. दुकानदार संपादकाला पैसे देऊन ते आत सरकवायचे.

पेल्टन मला पाचव्या पानावर डावीकडे, तळाला सापडला. दोन इंची चौकट. 'पेल्टन, टेलर. लॉज हॉलच्या खाली. मापाने सूट. क्लीनिंग, डाइंग, प्रेसिंग. गिऱ्हाइकांच्या घोड्यांची मागे सोय. बास्केट मंगळवारी जाते, शुक्रवारी येते.'

मी शोधत होते 'गॅसोलीन'. तो शब्द नव्हता. पुढचा अंक, तीच चौकट. त्याच्या पुढचा, तीच. चार महिन्यांचे अंक पाहिले. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे : 'बास्केट : टोपल्या विकत असावा? संबंध नाही.' ती नोंद मी खोडलेली नाही. अजून तशीच आहे.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे आईला फोन केला. आई साताऱ्याला असते, वय ब्याऐंशी, कान तिखट. पुढच्या आठवड्यात तिच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं. पैठणीवर वरणाचा डाग पडला होता म्हणून ती कोपऱ्यावरच्या 'मॉडर्न ड्रायक्लीनर्स'कडे दिली होती.

"आली का साडी?" मी विचारलं.

"कुठली यायला? मंगळवारी गेली, शुक्रवारी यायची होती. आज रविवार."

"गेली म्हणजे? दुकान तर कोपऱ्यावरच आहे ना."

"अगं, दुकान कोपऱ्यावर. मशीन आहे का त्याच्याकडे? गठ्ठा पुण्याला जातो. मंगळवारी टेम्पो येतो, शुक्रवारी घेऊन येतो. त्याच्याकडे काय, एक काउंटर आणि एक इस्त्री. तुझ्या लहानपणापासून तसंच आहे. विसरलीस होय?"

विसरले होते. म्हणजे माहीत होतं, पण कधी वापरावं लागलं नव्हतं. पाटीवर 'ड्रायक्लीनर्स' आणि आत कोळशाची इस्त्री, पावती फाडणारे काका, बांधलेला गठ्ठा. बाबांचा लग्नातला कोट त्या गठ्ठ्यात जाताना मी पाहिला होता. ड्रायक्लीनिंग मात्र त्या दुकानात एकदाही होताना पाहिलं नव्हतं.

"हॅलो? ऐकतेस ना?"

"आई, मंगळवारी जाते, शुक्रवारी येते, असंच म्हणालीस ना?"

"हो. तू कशाला त्या दुकानदारासारखी बोलतेस? तो पण तेवढंच म्हणतो."

सोमवारी मी रॉनच्या केबिनमध्ये जाहिरातीची प्रिंट ठेवली. बास्केट म्हणजे विकायच्या टोपल्या नव्हेत. ती गावातून शहरात जाणारी कपड्यांची टोपली. पेल्टन हा फक्त कपडे गोळा करणारा एजंट. रॉनने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुला कुठून कळलं?"

"आईकडून."

"तुझ्या आईला सोर्स म्हणून टाकता येणार नाही."

"माहीत आहे."

"आणि मला तीन अडचणी आहेत." त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "बास्केटमध्ये नुसते शर्ट आणि कॉलर जात असतील, साबणाने धुवायला. ड्रायक्लीनिंग तो मागच्या खोलीत करत असेल. हे एक. बास्केट चार महिने गेली म्हणून अकरा वर्षं गेली असं होत नाही. हे दोन. तीन, तो पाइप."

तिन्ही बरोबर होत्या. रॉनवर चिडता येत नाही ते यामुळेच. मी अनुजाला फोन केला नाही. अर्धी आशा द्यायला मला आवडत नाही, ती परत घ्यायला फार वेळ लागतो.

रात्री जेवणाच्या टेबलावर गणित मांडलं. अकरा गुणिले बावन्न म्हणजे पाचशे बाहत्तर अंक. जाहिरात नेहमी पाचव्या पानावर, डावीकडे तळाला. छापखान्यात एकदा जुळवलेली चौकट हलवत नसत. म्हणजे प्रत्येक अंकाचं एकच पान, एकच कोपरा. सव्वा मिनिट धरलं तर सातशे पंधरा मिनिटं, बारा तासांना पाच मिनिटं कमी. मंगळवार आणि गुरुवार मिळून लायब्ररी चौदा तास उघडी. दोन तास शिल्लक. नवऱ्याने तो कागद बघितला आणि विचारलं, "यात जेवायची सुट्टी कुठे आहे?" मी म्हटलं, "त्याच दोन तासांत."

मंगळवारी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. आणि पहिल्याच अंकाने धक्का दिला. पेल्टनची पहिली जाहिरात : 'क्लीनिंग आणि डाइंग नीटनेटकं करून मिळेल.' बास्केटचं नाव नाही. दुसऱ्या अंकात तेच. तिसऱ्या अंकापासून बास्केट सुरू. म्हणजे पहिले दोन आठवडे हा माणूस ते काम कुठे करत होता? आणि तिसऱ्या आठवड्यात असं काय झालं? पण आधी मोजणी पुरी करायची ठरवली होती, म्हणून वहीत ताऱ्याची खूण केली आणि पुढे गेले. पाचला डॉरथीबाईंनी दिवा घालवला, तेव्हा दोनशे ब्याण्णव अंक झाले होते. पहिले दोन अंक सोडले तर तेवढ्यात दोनदाच बास्केट चुकली होती, आणि दोन्ही वेळा त्या जागी सुटांचा सेल होता.

बुधवारी लायब्ररी बंद. मी वॉल्टरला विचारून इमारतीच्या मागे गेले. फावडं माझं होतं. तरी वॉल्टर स्वतःचं घेऊन आला.

"पुन्हा टाकी शोधतेस?" त्याने विचारलं. मालकाच्या मुलाखतीत मी त्याला विचारलं होतं, जमिनीखाली टाकी होती का? तो नाही म्हणाला होता.

"टाकी नाही. हा पाइप कुठे जातो ते बघायचंय."

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"खण," तो म्हणाला आणि दाराच्या उंबऱ्यावर बसला.

खणलं. वीस इंचांवर पाइप संपला. खाली चौकोनी दगड, त्यात भोक, भोकात शिसं ओतून पाइप घट्ट बसवलेला. टाकी नाही, जोड नाही, वळण नाही. वॉल्टर उठला, लायलॅकच्या झुडपात हात घालून फांद्या बाजूला केल्या आणि जमिनीलगत कापलेला दुसरा खुंट दाखवला. मी टेप लावली. बरोबर आठ फूट.

"घोडे," वॉल्टर म्हणाला. "मधे आडवा बार होता. माझ्या वेळेला मुलं त्याला सायकली बांधायची."

"वॉल्टर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तू टाकी विचारलीस. टाकी नव्हती. पाइप कुठे विचारलास?"

'गिऱ्हाइकांच्या घोड्यांची मागे सोय.' ही ओळ मी तोपर्यंत तीनशेच्या वर वेळा वाचली होती. मी दगडाचा, शिशाचा, दोन्ही खुंटांचा फोटो काढला, मापं लिहिली आणि खड्डा बुजवला. निघताना वॉल्टरने विचारलं, "ती मुलगी घेणार ना? मला तिलाच द्यायचीय. पण मुलं माझ्या मागे लागली आहेत, मी शुक्रवारच्या पुढे त्यांना थोपवू शकत नाही." मी म्हटलं, "मला अजून माहीत नाही." ते खरं होतं.

गुरुवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी मोजणी संपली. पाचशे बाहत्तरपैकी सतरा अंक फिल्मवर नव्हतेच. उरले पाचशे पंचावन्न. त्यांत बास्केट पाचशे चव्वेचाळीस वेळा. नऊ वेळा त्या जागी सेल. आणि पहिले दोन अंक. रॉनची दुसरी अडचण जवळजवळ सुटली होती. पहिली मात्र होती तिथेच. बास्केटमध्ये काय होतं? ऐंशी मिनिटं उरली होती.

डॉरथीबाईंना मी पहिल्या तीन अंकांचं कोडं सांगितलं. "दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या मधे काहीतरी घडलं. पण पाचव्या पानावर काही नाही."

"पाचवं पान कशाला बघतेस?" त्या म्हणाल्या. "दुकानदाराला विकायचं असलं की तो पाचव्या पानावर. त्याला राग आला की तो बातम्यांत. मधल्या ओळी वाच. हो, त्याच. ऑयस्टरवाल्या."

दोघींनी मिळून तिसरा अंक ओळीने वाचला. कुणाची गाय हरवली होती. कुणी नवं कुंपण घातलं होतं. आठव्या पानाच्या मधोमध, गाय आणि कुंपण यांच्यामध्ये, चार वाक्यं होती :

'मि. पेल्टन कळवतात की, त्यांच्या दुकानात गॅसोलीन साठवणार अशी जी चर्चा गावात चालली आहे, ती निराधार आहे. लॉज हॉलखाली गॅसोलीनचा थेंबही आणायचा नाही, अशी अट त्यांच्या भाडेकरारातच आहे. क्लीनिंग आणि डाइंगचे सर्व कपडे रेल्वेने शहरातील कारखान्यात जातील. बास्केट मंगळवारी जाते, शुक्रवारी येते.'

डॉरथीबाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग मला वहीत उतरवून घेता यावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.

शंभर वर्षांपूर्वी गावाला तीच भीती वाटली होती, जी आज बँकेला वाटत होती. वरच्या मजल्यावर लॉजची बैठक भरायची. गावातले सगळे वजनदार लोक दर आठवड्याला या टेलरच्या डोक्यावर बसणार होते. त्यांनी विचारलं, अरे, खाली गॅसोलीन ठेवणार का? त्याने पैसे मोजून पेपरात उत्तर दिलं आणि पुढची अकरा वर्षं जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत तेच उत्तर छापत राहिला. ती ओळ कपड्यांसाठी नव्हतीच. ती वरच्या मजल्यासाठी होती. मी तिला टोपल्या समजले होते.

पाच कॉपी काढल्या. एक डॉरथीबाईंनी मागून घेतली.

रॉनने शुक्रवारी सकाळी आठला कॉपी वाचली. "जाहिरात आहे," तो म्हणाला. "जाहिराती खोटं बोलतात."

"गॅसोलीनचा वास येतो, रॉन. वर दर आठवड्याला बैठक. अकरा वर्षं खोटं बोलायचं तर सगळ्या लॉजचं नाक बंद असायला हवं. शिवाय नंतरच्या नकाशात टाकी नाही. पाइप घोड्यांचा. आणि शहराच्या डिरेक्टरीत मी तो कारखाना आज सकाळी शोधला. क्लीनिंग आणि डाइंगचा तिथे एकच आहे, रेल्वेलाइनला लागून. त्याच्या जाहिरातीत लिहिलंय, 'लाइनवरच्या सर्व गावांत आमचे एजंट.'"

तो बराच वेळ पानं उलटत राहिला. "पहिले दोन आठवडे?"

"लिहिले आहेत. गहाळ सतरा अंकही लिहिले आहेत."

"सतराच्या सतरा तारखा?"

"अपेंडिक्समध्ये."

मग त्याने खुर्ची मागे घेतली आणि आर-ई-सीच्या परिच्छेदावर तिरकी रेघ मारली. लाल पेननेच. "तुझ्या आईला थँक्स सांग," तो म्हणाला. "रिपोर्टमध्ये नको."

अकरा चाळीसला रिपोर्ट बँकेला गेला. दीडला बँकेच्या रिव्ह्यूअरचा एकच प्रश्न आला, गहाळ अंक सलग आहेत का? सलग नव्हते. सर्वांत जास्त म्हणजे ओळीने दोन. तसं कळवलं. तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, रिपोर्ट मंजूर. पाच मिनिटांत अनुजाचा फोन.

"मिसेस साठे?"

"बोल."

"झालं! वॉल्टरने साइन केलं. तो म्हणाला, पाइप ठेवायचा असेल तर ठेव. मी ठेवणार आहे, मुलांच्या बाइक्ससाठी. आता मावशी म्हणू?"

"म्हण."

ती नुसती नाक ओढत राहिली. मी थांबले. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी पाचोळा झाडत होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. घरी गेले, बेसमेंटची ओल शोषणाऱ्या डीह्युमिडिफायरचं पाणी ओतलं आणि साडेआठला झोपले.

आमच्या फर्मच्या फेज वनच्या चेकलिस्टमध्ये आता मालकाला विचारायचे दोन जादा प्रश्न आहेत. एक, 'जमिनीतून वर आलेलं काहीही असेल तर ते काय आहे?' दुसरा, 'पाटीवरचं काम इथेच व्हायचं की इथून दुसरीकडे जायचं?' दोन्हींची भाषा मी लिहिली. रॉनने एक स्वल्पविराम खोडला. आणि जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, हे मी नव्या लोकांना सांगते. सगळं विकून झाल्यावर दुकानदार जे लिहितो, ते सहसा कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं.

आईची पैठणी सोमवारी आली. लग्नाला दोन दिवस असताना. वरणाचा डाग होता तिथेच होता.

"आई, ते गठ्ठा खरंच पुण्याला पाठवतात ना?"

"तो म्हणतो तसं. मी कुठं बघायला गेले?"

बघायला जावं लागतं. मला पगार मिळतो तो तेवढ्याचाच.